मन कोरडे पडते तेव्हा

रमजान संपून पंधरा-वीस दिवस झाले की मस्जिदीत एक गोष्ट डोळ्यांत भरते. तरावीहला जिथे व्हरांड्यातही जागा मिळत नव्हती, तिथे इशाच्या जमाअतीत दीड-दोन सफा उभ्या राहतात. आपण लगेच म्हणतो, लोक ढिले पडले. काही जण खरंच ढिले पडलेले असतात. पण त्या दीड सफेत उभ्या असलेल्यांच्या आत काय चाललेलं असतं, हे कुणी विचारत नाही. ओठ हलतात, रुकू होतो, सजदा होतो, सलाम फिरवून माणूस चपला शोधायला लागतो. आणि घरी जाताना स्वतःलाच विचारतो, आपण आत्ता कुणासमोर उभे होतो?

आम्ही शाळेत शिकवतो म्हणून असेल, लोक असे प्रश्न आमच्याकडे जरा मोकळेपणाने आणतात. एक तरुण म्हणाला, "सर, कुरआन उघडला की झोप येते आणि मोबाइल उघडला की झोप उडते." एका विद्यार्थ्याच्या आई म्हणाल्या, "सर, दुआ मागते, पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. अल्लाह माझ्यावर नाराज तर नाही ना?" दोघांच्याही आवाजात तक्रार नव्हती, भीती होती.

खरं सांगायचं तर ही भीती आम्हीही पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी अम्मी गेल्या. आजारपण लांबलं होतं, तेवढ्या काळात दुआसाठी हात किती वेळा उठले याचा हिशेब नाही. दफनविधी झाला, लोक भेटून गेले, शाळा पुन्हा सुरू झाली. नमाज सुटली नाही, पण नमाजमधून काहीतरी निघून गेलं. शिक्षक सकाळी येऊन हजेरीपटावर सही करतो, तशी फज्र व्हायची. रडू यावं असं वाटायचं, तेही येत नव्हतं. हे सात-आठ महिने चाललं आणि त्या काळात घरच्यांनाही आम्ही काही बोललो नाही. मुलांना इस्लामियात समजावून सांगणाऱ्या माणसाने हे कुणाला सांगायचं?

त्या महिन्यांत जे वाचलं, जे समजलं, ते इथे मांडत आहोत.

हा कोरडेपणा म्हणजे नेमकं काय?

आधी एक फरक करायला हवा. गफलत वेगळी आणि कोरडेपणा वेगळा. गाफील माणसाला आपलं काही हरवलं आहे याची जाणीवच नसते. तो मजेत असतो. कोरड्या मनाच्या माणसाला मात्र हरवल्याची जाणीव सतत टोचत असते. तहान लागणं हे शरीर जिवंत असल्याचं लक्षण आहे, तसंच "मन लागत नाही" याचं दुःख होणं हेही ईमान शाबूत असल्याचं लक्षण आहे. मेलेल्या माणसाला तहान लागत नाही.

आपल्या उलेमांनी या अवस्थेला नावंही दिली आहेत. उत्साहानंतर येणाऱ्या मंदीला अरबीत 'फतरा' म्हणतात. सूफी बुजुर्ग 'कब्ज' आणि 'बस्त' अशी जोडी सांगतात. कब्ज म्हणजे मनाचं आखडणं, बस्त म्हणजे मनाचं मोकळं होणं. अल्लाहच्या नावांमध्ये 'अल-काबिज' आणि 'अल-बासित' ही नावंही सोबतच घेतली जातात. आखडणारा तोच आणि पसरवणाराही तोच. ज्या अवस्थेला शेकडो वर्षांपासून नाव आहे, ती आपल्या एकट्यावर आलेली आपत्ती नाही, एवढं तरी यातून कळतं.

सहाबींनाही हे घडलं

सहीह मुस्लिममध्ये हजरत हंजला (रजि.) यांची हकीकत आली आहे. ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासाठी लेखनिकाचं काम करत. म्हणजे ज्यांच्या हातून वह्यचे शब्द लिहिले जात, अशांपैकी एक. एके दिवशी हजरत अबू बकर (रजि.) यांनी त्यांना रस्त्यात विचारलं, कसे आहात? हंजला म्हणाले की हंजला तर मुनाफिक झाला! कारण विचारलं तर सांगितलं की प्रेषितांच्या (स.) सभेत बसलो की जन्नत आणि जहन्नम जणू डोळ्यांसमोर दिसतात, घरी गेलो, बायका-मुलं आणि कामधंद्यात पडलो की बरंचसं विसरून जातो.

हजरत अबू बकर (रजि.) यांनी त्यांना फटकारलं नाही. त्यांनी सांगितलं की असं तर आमच्याही बाबतीत होतं. उम्मतमधला सर्वात भक्कम ईमानाचा माणूस हे कबूल करतो आहे! मग दोघे मिळून प्रेषितांकडे (स.) गेले. उत्तर मिळालं ते असं की माझ्याजवळ असताना तुमची जी अवस्था असते ती कायम टिकली असती, तर फरिश्त्यांनी तुमच्या बिछान्यावर आणि तुमच्या रस्त्यांवर येऊन तुमच्याशी हात मिळवले असते. पण हंजला, एक वेळ अशी आणि एक वेळ तशी. ही शेवटची गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली.

एखादी गोष्ट वर्गात तीनदा सांगावी लागते, तेव्हा शिक्षकाला माहीत असतं की मुलं नेमकी हीच विसरणार आहेत. आपण अजूनही हीच विसरतो. मन चोवीस तास एकाच उंचीवर राहावं, अशी मागणी आपण स्वतःकडे करतो. अल्लाहने ती केलेली नाही.

दुसरी हकीकत याहून बोलकी आहे. सूरह अल-हदीदच्या सोळाव्या आयतीत अल्लाहने ईमानवाल्यांना विचारलं आहे की अल्लाहच्या स्मरणाने मनं वितळण्याची वेळ अजून आली नाही का? तिथे इशाराही दिला आहे की पूर्वी ग्रंथ मिळालेल्या लोकांवर दीर्घ काळ लोटला आणि त्यांची मनं कठीण झाली, तसं तुमचं होऊ नये. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) सांगतात की आम्ही इस्लाम स्वीकारल्यापासून ही कानउघाडणी उतरेपर्यंत फक्त चार वर्षं गेली होती. हेही सहीह मुस्लिममध्ये आहे. फक्त चार वर्षं! आणि प्रेषित (स.) प्रत्यक्ष त्यांच्यामध्ये असताना. मग चौदाशे वर्षांनंतर, नोकरी, कर्ज, मुलांच्या फिया आणि मोबाइलच्या गर्दीत आपलं मन कधी घट्ट झालं, तर त्यात इतकं आश्चर्य वाटायला नको. काळजी मात्र वाटायला हवी.

अल्लाह सोडून गेला का?

त्या माउलींच्या प्रश्नाचं उत्तर सूरह अद्-दुहामध्ये आहे. अकरा छोट्या आयतींची ही सूरह आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. पण ती कोणत्या प्रसंगी उतरली, याकडे लक्ष कमी जातं.

मक्केत काही काळ वह्य यायची थांबली. विरोधकांनी टोमणे मारले की मुहम्मदांच्या (स.) रब्बने त्यांना सोडून दिलं. विचार करा, ज्यांच्यावर कुरआन उतरत होता त्यांनाही शांततेचे काही दिवस पाहावे लागले. मग ही सूरह उतरली. तिची सुरुवात चढत्या दिवसाच्या उजेडाची आणि निवांत झालेल्या रात्रीची शपथ घेऊन होते. दिवस जसा अल्लाहचा, तशी रात्रही त्याचीच. रात्र झाली म्हणून सूर्य संपला असं कुणी म्हणत नाही. त्यानंतर सांगितलं आहे की तुमच्या रब्बने तुम्हाला सोडलेलं नाही आणि तो नाराजही झालेला नाही.

आम्हाला या सूरहचा पुढचा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात सांत्वनाबरोबर इलाजही आहे. आधी मागच्या तीन गोष्टींची आठवण करून दिली आहे. तुम्ही यतीम होता, आसरा दिला. वाट शोधत होता, वाट दाखवली. गरजवंत होता, गरज भागवली. आणि लगेच तीन कामं सांगितली आहेत. यतीमवर कठोर होऊ नका, मागणाऱ्याला झिडकारू नका आणि आपल्या रब्बच्या कृपेचा उच्चार करत राहा. म्हणजे मन बंद झाल्यासारखं वाटेल तेव्हा आत आत बसून स्वतःची तपासणी करत राहू नका; मागे काय मिळालं ते आठवा आणि समोर जो गरजू आहे त्याच्याकडे हात न्या.

हजरत मूसा (अलै.) यांच्या हकीकतीतही हेच दिसतं. मिस्रमधून जीव वाचवून निघालेले, परक्या मुलखात, मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचलेले. ना घर, ना काम, ना ओळख. तिथे दोन मुली आपली जनावरं अडवून बाजूला थांबलेल्या दिसल्या. मूसांनी (अलै.) त्यांच्या जनावरांना पाणी पाजलं, मग सावलीत जाऊन बसले आणि दुआ केली की रब्ब, तू जे काही भलं माझ्याकडे पाठवशील त्याचा मी गरजवंत आहे. सूरह अल-कससमध्ये हे आलं आहे. त्यांनी यादी दिली नाही. काय हवं तेही सांगितलं नाही. पुढे काय झालं? त्याच मुलींपैकी एक बोलावणं घेऊन आली आणि आसरा, काम, संसार सगळंच त्या दारातून मिळालं. स्वतः तहानलेल्या माणसाने आधी दुसऱ्याच्या जनावरांना पाणी पाजलं, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मन का कोरडं पडतं?

ताप आला की डॉक्टर आधी कारण शोधतात. इथेही कारण पाहिल्याशिवाय इलाज करू नये. आम्हाला साधारण पाच कारणं दिसतात.

पहिलं कारण गुनाह. तिर्मिजीतल्या हदीसनुसार माणूस गुनाह करतो तेव्हा मनावर एक काळा ठिपका पडतो. तौबा केली तर पुसला जातो, करतच राहिला तर वाढत जाऊन मनाला झाकून टाकतो. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मनावर चढलेल्या ज्या गंजाचा उल्लेख आहे तो हाच. कुणाचा हक्क दाबला आहे का, बहिणीचा वारसाहक्क अडकवून ठेवला आहे का, व्यवहारात खोटेपणा आहे का, कुणाशी बोलणं तोडलं आहे का, हे आधी तपासावं. अशा ठिकाणी जिक्र वाढवून भागत नाही, हक्क परत करावा लागतो.

दुसरं कारण झेपेल त्यापेक्षा जास्त ओझं. याकडे आपलं लक्ष जात नाही. एकदा प्रेषितांना (स.) मस्जिदीत दोन खांबांमध्ये बांधलेली दोरी दिसली. चौकशी केली तर कळलं की ती हजरत जैनब (रजि.) यांची आहे, इबादत करताना थकल्या की त्या दोरीला धरतात. प्रेषितांनी (स.) ती दोरी सोडायला लावली आणि सांगितलं की अंगात उमेद असेतो नमाज पढावी, थकल्यावर बसावं. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. रमजानमध्ये आपण एकदम सगळं अंगावर घेतो आणि शव्वालमध्ये सगळंच सोडून देतो. ही आपली दोरी आहे, ती सोडायला हवी.

तिसरं कारण दुःख. प्रिय माणसाचं जाणं, नोकरी सुटणं, मुलाचं वाईट वळणावर जाणं. दुःखात मन सुन्न होतं आणि सुन्न मनाला नमाजचाही स्पर्श जाणवत नाही. इंजेक्शनने बधिर झालेल्या हिरडीला पाण्याची चव कळत नाही, म्हणून पाणी खोटं ठरत नाही.

चौथं कारण सवय आणि गोंगाट. सूरह फातिहा आपल्या जिभेवर इतकी बसली आहे की अर्थ बाजूला राहून फक्त चाल उरते. त्यात रात्री बारा-एकपर्यंत छोटे छोटे व्हिडिओ बघून थकलेलं मन फज्रला काय आणणार?

पाचवं कारण आजार. हे स्पष्ट सांगायला हवं. झोप उडाली आहे किंवा झोपच झोप येते आहे, भूक गेली आहे, कशातच रस वाटत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो फक्त ईमानाचा प्रश्न समजू नये. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषधोपचार आहेत. अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर इलाज उतरवला आहे, ही बुखारीतली हदीस मनाच्या आजारालाही लागू आहे. सरकारच्या 'टेलीमानस' सेवेवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. अशा माणसाला "तुझं ईमान कमजोर आहे" असं सुनावणं म्हणजे पाय मोडलेल्याला "तू आळशी आहेस" म्हणण्यासारखं आहे.

एका मोठ्या शिक्षकाची गोष्ट

ज्याच्याकडे इल्म आहे त्याचं मन कोरडं पडत नाही, असाही एक समज आहे. इमाम गजाली (१०५८-११११) यांचं आयुष्य तो समज मोडून काढतं. १०९१ साली ते बगदादच्या निजामिया मदरशात सर्वोच्च पदावर नेमले गेले. शेकडो विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत, दरबारात मान होता. आणि १०९५ मध्ये त्यांची जीभ अडली. 'अल-मुनकिज मिनज्जलाल' या आत्मकथनात त्यांनी लिहून ठेवलं आहे की विद्यार्थ्यांच्या समाधानासाठी शिकवायला बसत, पण तोंडातून शब्द फुटत नसे. अन्न-पाणी घशाखाली उतरेना. हकीमांनीही हात टेकले. दुखणं मनाचं आहे, म्हणाले.

गजालींनी आपला हेतू तपासला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शिकवण्यामागे अल्लाहची रजा कमी आणि नावलौकिकाची ओढ जास्त होती. घरच्यांच्या खर्चापुरतं ठेवून बाकी संपत्ती वाटून टाकली आणि ते दमास्कसला गेले. तिथल्या जामा मस्जिदीच्या मिनारात दार लावून दिवस काढले. पुढे बैतुल मुकद्दस, मग हज. जवळपास अकरा वर्षांनी ते पुन्हा शिकवायला बसले, या वेळी निशापूरमध्ये. काम तेच होतं, हेतू बदलला होता.

आपण सगळे नोकऱ्या सोडून मिनारात जाऊन बसू शकत नाही, आणि तसं कुणी करायलाही सांगत नाही. पण त्यांच्यावर आलेला तो बंद काळ ही अल्लाहची नाराजी नव्हती. ती दुरुस्ती होती.

मेलेली जमीन आणि पाऊस

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. सूरह अल-हदीदमध्ये कठीण झालेल्या मनांबद्दल बोलून झाल्यावर लगेच पुढच्या, म्हणजे सतराव्या आयतीत अल्लाहने सांगितलं आहे की लक्षात ठेवा, अल्लाह जमिनीला तिच्या मृत्यूनंतर पुन्हा जिवंत करतो. मनाचा विषय चालू असताना जमीन मध्येच कशी आली? तफसीरकारांनी याचा अर्थ सांगितला आहे की जो मेलेल्या जमिनीत जीव घालतो, तो घट्ट झालेल्या मनांनाही पुन्हा मऊ करू शकतो.

मराठवाड्यात राहणाऱ्याला ही आयत समजावून सांगावी लागत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस आपण पाहिले आहेत. कोरड्या वर्षी ईदगाहवर इस्तिस्काची, म्हणजे पावसासाठीची नमाज होते. त्या नमाजची तऱ्हा बघा. साधे कपडे, मान खाली, आधी इस्तिगफार. आणि इमाम आपली चादर उलटी करून घेतात, कारण प्रेषितांनी (स.) तसं केलं होतं. जणू म्हणायचं असतं, या अल्लाह, आम्ही बदलतो, तू आमची हालत बदल. हजरत नूह (अलै.) यांनीही आपल्या कौमला हेच सांगितलं होतं की रब्बकडे माफी मागा, तो तुमच्यावर भरपूर पाऊस पाठवेल. सूरह नूहमध्ये हे आलं आहे. मनाच्या दुष्काळालाही सुरुवात इथूनच, इस्तिगफारपासून.

पण इस्तिगफार केल्यावर काय करायचं? नुसतं आभाळाकडे बघत बसायचं?

अम्मींच्या जाण्यानंतरच्या त्या उन्हाळ्यात, मे महिन्याच्या शेवटी आम्ही गावाकडे गेलो होतो. शेजारच्या शेतात एक ओळखीचे चाचा सरकी लावत होते. जमीन तापलेली, ढेकळं कोरडी ठक्क, पायाखाली फुफाटा. आपल्याकडे याला धूळपेरणी म्हणतात. पावसाआधीच बी धुळीत टाकून ठेवायचं. आम्ही विचारलं, "चाचा, पाऊस आलाच नाही तर?" ते काम न थांबवता म्हणाले, "मास्तर, पानी उसके हात में है. पेरना अपने हात में." आणि पुढच्या ओळीला लागले.

चाचांनी काही वाज केलं नव्हतं. शेतीच्या दृष्टीने धूळपेरणी जोखमीची असते हेही खरं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं आणि दुबार पेरणीचा फटका शेतकऱ्याला चांगला ठाऊक असतो. पण मनाच्या शेतीत हा फटका नाही. चांगलं काम करणाऱ्याचा मोबदला अल्लाह वाया घालवत नाही, हे कुरआनमध्ये पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तिथे धुळीत टाकलेलं बीसुद्धा जपलं जातं. मन लागत नसताना पढलेली नमाज ही धूळपेरणी आहे. ती खोटी नमाज नव्हे. कदाचित तिचं मोल जास्तच असेल, कारण तिच्यात गोडी नव्हती, तरीही ती केली.

पावसाच्या दिवसांत कुणीही पेरतो. भरवसा दिसतो तो धुळीत पेरताना.

मग करायचं काय?

जे आम्हाला उपयोगी पडलं आणि ज्याला दीनमध्ये आधार आहे, तेवढंच सांगतो.

एक, फर्ज सोडायचं नाही, नफिल कमी केलं तरी चालेल. मुसनद अहमदमधील एका हदीसचा आशय असा आहे की प्रत्येक कामाला उत्साहाचा काळ असतो आणि उत्साहानंतर मंदी असते. मंदीतही जो माझ्या सुन्नतच्या हद्दीत राहिला, तो मार्गावर राहिला. मंदी येणारच हे गृहीत धरलं आहे. कुठवर उतरायचं, ती रेषा तेवढी सांगितली आहे.

दोन, थोडं पण रोज. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस प्रसिद्ध आहे की अल्लाहला ते काम सर्वात प्रिय आहे जे नियमित होतं, मग ते थोडं का असेना. रोज एक पारा होत नसेल तर पाच आयती वाचा, पण अर्थासह. उर्दू येत नसेल तर मराठीत कुरआनचे अनुवाद आहेत. आम्ही त्या काळात फज्रनंतर फक्त पाच आयती वाचत होतो. काही दिवस काहीच वाटायचं नाही. वाचून ठेवून द्यायचो.

तीन, ईमान नवं करून मागायचं. हाकिम यांनी नोंदवलेल्या हदीसमध्ये सांगितलं आहे की अंगावरचा कपडा झिजतो तसं आतलं ईमानही झिजतं, म्हणून ते नवं करण्याची दुआ अल्लाहकडे करत राहा. हजरत उम्मे सलमा (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) सर्वात जास्त जी दुआ करत ती मनांना फिरवणाऱ्या अल्लाहकडे मन दीनवर पक्कं ठेवण्याची होती. अरबी दुआ पाठ नसेल तर आपल्या बोलीत मागा. "या अल्लाह, माझं मन लागत नाही, तूच लाव," हीसुद्धा दुआच आहे. अल्लाहला दख्खनीही कळते आणि मराठीही.

चार, एकटं राहू नका. फर्जच्या सतरा रकअतींत दिवसातून सतरा वेळा फातिहा पढली जाते. तिच्यात मदत मागताना शब्द येतो तो अनेकवचनी. 'मी' नाही, 'आम्ही'. सफेत उभ्या असलेल्या कोरड्या मनाच्या माणसाची मागणीही शेजाऱ्याच्या भिजलेल्या मागणीबरोबर एकाच वाक्यात वर जाते. सहीह मुस्लिममधल्या हदीसे कुदसीनुसार, बंदा या ठिकाणी पोहोचला की अल्लाह फर्मावतो की हे माझ्या आणि माझ्या बंद्याच्या दरम्यान आहे आणि त्याने जे मागितलं ते त्याला मिळेल. मन लागलं तरच मिळेल, अशी अट तिथे घातलेली नाही. घरात नमाज पढणाऱ्या भगिनींनीही शक्य असेल तेव्हा मुलींना, सासूला सोबत घ्यावं.

पाच, कुणाच्या तरी उपयोगी पडा. सूरह अद्-दुहाने सांगितलेलं यतीमचं आणि मागणाऱ्याचं काम गल्लीतही सापडतं. एखाद्या मुलाची वह्या-पुस्तकं, एखाद्या विधवेच्या पेन्शनचा अर्ज, दवाखान्यात कुणासोबत दोन तास बसणं.

सहा, घरच्यांनी टोमणे मारू नयेत. मुलगा नमाजमध्ये रमत नाही असं सांगतो आहे, म्हणजे त्याने विश्वासाने सांगितलं आहे. हजरत अबू बकर (रजि.) यांनी हंजलांना काय उत्तर दिलं ते आठवा आणि आपणही म्हणा, "बेटा, माझंही कधी कधी असं होतं. चल, बरोबर जाऊ."

शेवटी

आमचं पुढे काय झालं, हे वाचकांना विचारावंसं वाटेल. कुठला चमत्कार झाला नाही. पावसाळा सुरू झाल्यानंतरची एक इशा होती. इमामसाहेब सूरह अद्-दुहा पढत होते. आम्ही ती शेकडो वेळा ऐकली आहे. आसरा दिला, वाट दाखवली, या आयतींवर अम्मी आठवल्या. लहानपणी ही सूरह त्यांनीच पाठ करून घेतली होती, पोळ्या लाटता लाटता. आणि लक्षात आलं की ज्या माणसाच्या जाण्याने आपण अल्लाहपासून दुरावलो असं वाटत होतं, तो माणूस अल्लाहनेच तर दिला होता. डोळे भरून आले. सलाम फिरवल्यावर शेजारच्याने विचारलं, "सर, ठीक आहात ना?" आम्ही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी फज्रला पुन्हा मन इकडेतिकडे गेलंच. एक वेळ अशी, एक वेळ तशी. पण आता भीती वाटली नाही. आपण पेरत राहायचं, पाऊस त्याच्याकडून येतो आणि तो येतो, एवढं कळलं होतं.

ज्यांचं मन आज कोरडं आहे, त्यांच्यासाठी अल्लाहने रहमतचे दरवाजे उघडावेत, त्यांच्या मोडक्या-तोडक्या नमाजा कबूल कराव्यात आणि मेलेल्या जमिनीला जिवंत करणाऱ्याने आपल्या सर्वांच्या मनांना नवं जीवन द्यावं. आमीन.